पाकिटावरचा म्हातारा

आमच्यात घरात मयत झाल्याशिवाय मिशीला वस्तरा लावत नाहीत. माझी उतरली ती दोनच वेळा, आई गेली तेव्हा आणि बाप गेला तेव्हा. या आषाढात मी ती कुणी मेलेलं नसताना काढली, आणि वेळ आली तर पुन्हा काढीन.

मोबाईलवर गावाकडचा माल विकणारा एक पोरगा दोन सालं आमचा आंबेमोहोर नेत होता. आधी कंपनीत कामाला होता, मग मारुंजीत गाळा घेऊन तांदूळ, नाचणी, तूप असलं विकायला लागला. त्यानं मला खाचरात उभं करून फोटो काढला. फेटा, मिशी, हातात विळा. तोच फोटो तांदळाच्या पाकिटावर छापला. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. पौडच्या बाजारात ते पाकीट काखेत धरून हिंडलो.

तिसऱ्या साली त्यानं आमचा माल नेलाच नाही. परवडत नाही म्हणाला. मला वाटलं, विषय संपला. पण लेकीनं सासरी बापाचा फोटो बघून मोबाईलवरून पाकीट मागवलं, आणि मी गेलो त्या दिवशी नेमका तोच भात शिजवला. ताट पुढ्यात आलं. वासाचा पत्ता नाही. शीत शिताला धरत नाही. कुठल्या गिरणीतला होता देव जाणे. लेकीचं घर म्हणून मुकाट्यानं खाल्ला. तर विहीणबाई, म्हणजे लेकीची सासू, वाढता वाढता सगळ्यांदेखत म्हणाली, "पाव्हनं, तुमच्या भाताला आता पयल्यासारका वास न्हाई राह्यला. खतं लई मारताय वाटतं?"

भात माझा नव्हता, पण पाकिटावर थोबाड माझं. 

घरी येऊन पोराला फोन लावला. तो हसला. "बाबा, फोटो तुम्हीच काढू दिलात ना? गिऱ्हाइकाला चेहरा लागतो. आणि हो, लावणी बघायला गिऱ्हाइकांना तुमच्या खाचरात घेऊन येतोय. फेटा बांधून उभे राहा."

"ये की," म्हटलं.

आदल्या दिवशी पिरंगुटला न्हाव्याकडं गेलो. मिशी काढ म्हटल्यावर त्याचा हात थांबला. "नाना, कोण गेलं?"

"पाकिटावरचा म्हातारा."

घरी मालकिणीनं कपाळाला हात लावला. "आई-बाप जाऊन इतकी वर्सं झाली, आता कुनाचं सुतक घिऊन आलाय?" जेवायला वाढलं, पण ताट आदळून.

सकाळी बस आली. माणसं पाकिटं घेऊनच उतरली, आजोबांबरोबर फोटो काढायचा म्हणून. मी साधी टोपी घालून बांधावर बसलो होतो. एका बाईनं मलाच पाकीट दाखवून विचारलं, "काका, हे आजोबा कुठे भेटतील?"

"गेले."

"अरेरे! कधी?"

"कालच."

"काय झालं होतं त्यांना?"

"ह्या पाकिटातला भात खाल्ला."

शेजारच्या खाचरातला गडी रोपं लावता लावता उभा राहिला आणि त्यानं वर बघून हात जोडले. "लई चांगला मानूस व्हता वो," म्हणाला.

पोरगा चिखल तुडवत धावत आला. "बाबा, काहीतरी बोलू नका! ताई, हेच ते." बाईनं पाकीट माझ्या गालाशी धरलं, एकदा त्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

मी म्हटलं, "तोंड माझंच हाय, बाई. पन आतला एक दाना माझा न्हाई. म्हनून त्या म्हाताऱ्याला घालवला."

माणसं पोराभोवती गोळा झाली. जो तो पैसे परत मागायला लागला. पोरगा मला हात जोडू लागला. "आजच फोटो काढून टाकतो, बाबा."

"ते तर करशीलच. आदी माझ्या विहिनीला फोन लाव. हितंच, सगळ्यांदेखत. आवाज मोठा कर."

नंबर मी सांगितला, त्यानं लावला. त त प प करत त्यानं कबूल केलं, की पाकिटातला तांदूळ बाबांचा नव्हता.  पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, "आसं व्हय? मग पाव्हन्यांनी मागून मागून कसा खाल्ला?"

बसनं आलेली माणसं हसली. शेजारचा गडी तर हसत हसत चिखलातच बसला. मागून? मी एकदासुद्धा मागितला नव्हता, तीच ताटात ढकलत होती.

पोराचं पाकीट बंद झालं. त्याचं माझ्याकडून फिटलं. विहीणबाईंचं राहिलंय. येत्या दिवाळीला त्या आमच्याकडं यायच्या आहेत. मालकिणीला सांगून ठेवलंय, आपला आंबेमोहोर असा शिजव की वासानं घर भरलं पाहिजे, आणि तोंडानं मागितल्याशिवाय त्यांना दुसऱ्यांदा वाढायचा नाही.