शेवटपेठेचा नगरशेठ

इथे परदेशात, आमच्या पापाटोएटोच्या घरात, मागच्या खोलीत एक जण भाड्याने राहायचा, पुण्याचा, कॉम्प्युटरमधला, आणि त्याला सात आवाज काढता यायचे. उंटवाल्याचा वेगळा, अत्तरवाल्या म्हातारीचा वेगळा, जकात घेणाऱ्या शिपायाचा नाकातून. सगळे त्याला नगरशेठ म्हणायचे. मी भाऊजी म्हणायचे, जुईच्या बाबाचा मित्र म्हणून. मला बोलायला त्यानेच शिकवलं. आज मी आणि जुई दोघीच राहतो, नीट आहोत, पोरगी पाच वर्षांची झाली, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते. आणि तरी मला त्या माणसाचा इतका राग आहे ना, की त्याच्याबद्दल चांगलं सांगायला लागले तरी दात आवळले जातात. चांगलंच आधी सांगते.

दोन हजार चौदाची गोष्ट. दर रविवारी दुपारी त्याचे तीन दोस्त यायचे, जँडल्स म्हणजे चपला दारात काढायचे, आणि हा टेबलावर नकाशा पसरायचा. नकाशात एक शहर होतं, शेवटपेठ, त्यानेच मनाने बनवलेलं. पश्चिमेला वाळवंट, तिकडून काफिले यायचे मीठ आणि तांबं आणि खजूर घेऊन. पूर्वेला वेस, आणि वेशीबाहेर उजाड. उजाडात काय आहे ते त्याने काढलंच नव्हतं, कागद कोराच. "पुण्यातल्या सगळ्या पेठा संपल्या की ही लागते, वहिनी," तो म्हणायचा, "इथे दुकानं दुपारी पण उघडी असतात." प्रत्येकाने शहरातला एक माणूस व्हायचं, तो काय करतो ते सांगायचं, मग फासा टाकायचा, जमलं की नाही ते फासा ठरवणार. मोठी मोठी माणसं, नोकऱ्या करणारी, आणि खोट्या उंटांवरून भांडायची!

मी चहा ठेवायचे आणि आत जायचे. माझी नववी झालेली, इंग्लिश वाचायचं म्हटलं की घाम फुटायचा, डेअरीत दूध आणायला गेले तरी नोट पुढे करायचे आणि तोंड बंद. जुई आठ महिन्यांची, सारखी कडेवर. एका रविवारी तो म्हणाला, "वहिनी, ट्रे ठेवा आणि बसा. काफिला पाण्यावाचून अडलाय." मी म्हटलं, "मला नाही येत असलं काही." तर त्याने तिथल्या तिथे एक कागद लिहिला, मराठीत, पहिलीच्या मुलाला लिहून देतात तशा मोठ्या अक्षरात. वेशीवरची पखालवाली. तिच्याकडून पाणी घेतल्याशिवाय कुणी उजाडात जायचं नाही, आणि पाणी कुणाला द्यायचं ते तिने ठरवायचं. नवरा नाही, सासू नाही, तिने.

फासा टाकायच्या आधी काय करणार ते मोठ्याने सांगायचं, हा त्याचा नियम. मी पुटपुटायचे. मग तो फाशावर हात ठेवून थांबून राहायचा. "मनातलं फाशाला ऐकू जात नाही, वहिनी. घाबरलात तरी चालेल. चाल सांगा." शंभर वेळा म्हणाला असेल.

एकदा तो काफिल्याचा म्होरक्या झाला, उठून उभा राहिला आणि टेबलावर हात आपटून ओरडला, "ए पाणीवाले, भर मुकाट्याने!" मी खरंच दचकले, जुई रडायला लागली. एक दोस्त म्हणाला, "अरे हळू ना, वहिनी आहेत." नगरशेठ म्हणाला, "वहिनी नाही, पखालवाली आहे ती. तिला बोलू दे." मी जुईला थोपटत राहिले, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मग निघालंच तोंडातून. "नाही देणार."

"काय म्हणालीस?"

"नाही देणार पाणी. आधी आवाज खाली कर."

तिघांनी टाळ्या वाजवल्या, एक म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, वहिनी!" म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. पुरुषाला तोंडावर नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ होती.

जुईचा बाबा रविवारी शिफ्टला असायचा. घरी असायचा तेव्हाचं फार सांगत नाही. आमच्या भिंती पुठ्ठ्यासारख्या, मागच्या खोलीत खुर्ची सरकली तरी मला ऐकू यायची, मग माझं डोकं कपाटावर आपटलेलं तिकडे जात नसेल? सकाळी नगरशेठ जुईच्या हातात टोस्टचा तुकडा द्यायचा आणि माझ्याकडे न बघता म्हणायचा, "फ्रीजरमध्ये मटारची पिशवी आहे, वहिनी. लावा." एवढंच. तेव्हा मला ते पण पुष्कळ वाटायचं.

मग जुईच्या बाबाने काढलं की पोरीला गावी त्याच्या आईकडे पाठवून देतो, तू बस इथे एकटी. जुईचं वजन करायला नर्स यायची, तिने माझा दंड बघितला होता, तिने एका वकीलबाईंचा नंबर दिला. वकीलबाई म्हणाल्या, कोर्ट त्याला तुमच्यापासून लांब ठेवेल, पोरीला पण नेता येणार नाही, पण तो म्हणेल बायको पडली. घरात राहणाऱ्या कुणी दोन ओळी लिहून दिल्या तर बरं.

नगरशेठ मागे दोरीवर कपडे वाळत घालत होता. मी एका दमात सगळं सांगितलं.

"वहिनी, माझी रेसिडेन्सीची फाइल इमिग्रेशनकडे आहे."

"वकीलबाई म्हणाल्या, त्याला काही होत नाही."

"तसं नसतं हो. नाव आलं की आलं."

एकाच मोज्याला त्याने तीनदा चिमटा लावला, तीनदा काढला. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही ऐकलंय." त्याने पुढचा शर्ट झटकला. मी म्हटलं, "चाल सांगा."

तेव्हा त्याने वर बघितलं. "मला कुणी विचारलं, तर मी सांगेन की माझ्या कानात हेडफोन होते."

पुढच्या शनिवारी त्याने सामान भरलं. लांब अप्पर हट गावाला नोकरी लागली म्हणाला. नकाशा गुंडाळून काखेत, जुईच्या गालाला हात लावला आणि मला म्हणाला, "काळजी घ्या." काळजी घ्या!

सोमवारी वकीलबाईंच्या ऑफिसात जुईला मांडीवर घेऊन बसले. टेबलावर फोन, फोनवर मराठी बोलणाऱ्या दुभाषी बाई. त्यांनी विचारलं, "ताई, घरात तुम्ही दोघं नवरा-बायको सोडून आणखी कुणी मोठं माणूस राहत होतं का, असं मॅडम विचारतायत." त्याचं नाव दिलं असतं तर त्याला विचारलं असतं, आणि त्याने हेडफोन सांगितले असते, की कोर्टाला मीच खोटी वाटले असते आणि जुई गेलीच. जुईचा बाबा नाव काढणार नव्हता, घरमालकाला न सांगता खोली दिलेली.

मी म्हटलं, "नाही. कुणी नव्हतं."

दुभाषी बाईंनी ते इंग्लिशमध्ये सांगितलं. अगदी एवढंसं झालं ते. नो वन. वकीलबाईंनी लिहून घेतलं आणि पान उलटलं.