आधी मैनेचं पाणी

आबांनी घोडीच्या आधी पाण्याचा घोट घेतलेला मी कधी पाहिला नाही. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. मी साताऱ्याची, तासगावजवळच्या एका खेड्यात शाळेवर नेमणूक झाली. एसटीतून उतरले तेव्हा ऊन नुसतं भाजत होतं. पांढऱ्या गलमिशांचा एक उंच म्हातारा पुढे आला, माझी ट्रंक आपल्या मैना घोडीवर चढवली आणि पायी चालत मला खोलीपर्यंत पोचवलं. शेजारणीकडून पाण्याचा तांब्या आणून मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घमेल्यात ओतून घोडीपुढे सरकवला.

"आदी तिचं हुंद्या, बाई. मंग माझं."

हे रिसालदार आबा. उमेदीची सगळी वर्षं घोडदळात गेलेली. घोडे जाऊन रणगाडे आले तेव्हा त्यांनी पेन्शन घेतली. "रणगाड्याला थोपटायचं कुटं, सांगा की!" असं ते मला विचारायचे, जसं काही रणगाडे मीच आणले. त्यांचे आजोबा विक्टोरिया राणीच्या राज्यात रिसाल्यात अंमलदार होते आणि परत आल्यावर म्युनिसिपालटीत निवडून गेले होते, अशी घरातली कथा. ती सांगताना आबा ताठ बसत. आजोबांच्या भाल्याचं पातं दरवेळी वीतभर लांब होई, पण ऐकायला मजा यायची.

आजोबांच्याच पावलावर पाऊल टाकून आबा पंचायतीला उभे राहिले. कारण मात्र अगदी साधं होतं. पंचायतीशेजारच्या गावच्या विहिरीवर जनावरांसाठी हौद नव्हता. आसपासच्या वस्त्यांवरची गुरं तहानलेली येत आणि काठाला तोंड लावून तशीच परत जात. आबांना तेवढा हौद बांधायचा होता. समोर दाजीबा पाटील, बागायतदार, बोलायला फटकळ. "म्हातारा सरपंच झाला तर खुर्चीवर घोडी बशीवल," असं ते पारावर म्हणायचे आणि पार हसायचा.

आबा आणि दाजीबा दोघंही पंच म्हणून निवडून आले. आता पंचांनी आपल्यातून सरपंच निवडायचा होता. सात पंचांत आबा धरून चार आबांकडचे, दाजीबा धरून तीन दाजीबांकडचे. काळजी मिटली म्हणायची, तर निवडीच्या दिवशी चौथा गडी गायब! युसूफभाई कापडवाले तासगावला माल आणायला गेले आणि त्यांची एसटी वाटेतच ओढ्यात बंद पडली. सायकलवरून आलेल्या एकानं ही बातमी दिली. आबा लगेच उठले. मैनेवर जीन चढवलं, पोटाखालचा तंग आवळला आणि निघाले.

शाळा पंचायतीच्या समोरच. त्या दिवशी कसले पाढे आणि कसलं काय! पोरं कुंपणावर चढली, आणि खरं सांगायचं तर मीही. आत निवडीसाठी आलेले अधिकारी घड्याळ बघत होते. वेळ भरत आली आणि रस्त्यावर धुरळा उठला. "आलं! आलं! आबा आलं!" सारा गाव ओरडत सुटला. मैना जमिनीला पाय लावते आहे की नाही, कळत नव्हतं. आबा पुढे वाकलेले, आणि मागे त्यांच्या कमरेला मिठी मारून, डोळे गच्च मिटलेले युसूफभाई. मीसुद्धा घसा फुटेस्तोवर ओरडत होते.

युसूफभाई कसेबसे उतरले आणि धडपडत आत पळाले. आबा मात्र उतरले, त्यांनी तंग सैल केला आणि लगाम धरून ते मैनेला संथपणे चालवायला लागले. ती घामानं निथळत होती, तोंडाला फेस होता.

"आवं आबा, आत चला! दार लावत्यात!" दारातून कुणीतरी ओरडलं.

"लावू द्या. ह्या घामात हुबी केली तर आकडून पडंल ती. दम निवंस्तवर फिरवाय पायजे."

मी धावत गेले. "आबा, मी फिरवते तिला. तुम्ही जा हो!"

"न्हाई, बाई. म्या पळीवलीया, म्याच निववणार."

दार लागलं. आत हात वर झाले, तीन आणि तीन. एवढी दौड केली ती फुकट गेली! शेवटी चिठ्ठी टाकली आणि दाजीबांचं नाव निघालं. मला रडूच कोसळलं. हलगी कडाडली, दाजीबा गुलालानं माखून बाहेर आले. आबा अजून चालतच होते. मैनेचा श्वास आता बसला होता. आबा दाजीबांपुढे थांबले.

"गुलाल जरा लांब धरा, पाटील. तिच्या डोळ्यात जाईल. आन आता सांगा, सरपंच, हिला पाणी कुटं पाजू?"

हलगी थांबली. दाजीबांनी मैनेकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं. मग त्यांनी त्याच गुलालाच्या हातांनी विहिरीत पोहरा सोडला.

हौद त्याच वर्षी झाला. पुढच्या खेपेला सरपंचपदासाठी आबांचं नाव दाजीबांनीच सुचवलं, आणि आबांनी खुर्चीवर घोडी काही बसवली नाही. ती दाराबाहेर उभी असायची एवढंच.

दशक संपता संपता आबा गेले. माझी बदली सांगलीला झाली होती, कळल्याबरोबर मी निघाले. अंगणात त्यांना ठेवलं होतं. कडेला मैना, थकलेली, मान खाली घालून. शेवटचं पाणी तोंडात घालायला कुणीतरी तांब्या पुढे केला, तोच दाजीबांनी हात आडवा घातला.

"थांबा रं," ते म्हणाले, "आदी तिचं हुंद्या."

कुणीतरी हौदावरून बादली भरून आणली. मैना पाणी प्यायली, आणि मग आम्ही आबांना पाणी पाजलं.