चार चुली, एक नंबर

आमच्या गावात ब्रॉडबँड आलं तेव्हा त्याला हार घातला होता. झेंडूचा हार, मधोमध लिंबू. मॉनिटरला गंध लावलं ते इतकं पातळ की पडद्यावरून ओघळत खाली कीबोर्डावर जाऊन थांबलं, आणि तिथली तीन बटणं पुढं जन्मभर चिकट राहिली. तालुक्याचे एक पुढारी आले होते. त्यांनी कॉम्प्युटरपुढं बांधलेली फीत कापली, आता आमचा कास्तकार बसल्या जागी अमेरिकेशी बोलेल असं सांगितलं, आणि चिवडा खाऊन गेले. अमेरिकेतला कोण रिकामा माणूस आमच्या कास्तकाराशी बोलायला टपून बसला होता ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आमच्याकडं भाषणाला टाळ्या वाजवायची पद्धत आहे, ऐकायची नाही.

गाव आमचं केदारखेड्यापासून हाकेच्या अंतरावर. हाक म्हणजे आमच्या तिसऱ्या काकूंची. साध्या माणसाला मोटारसायकल लागते.

हे ब्रॉडबँड घेतलं मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं. त्यांना इंटरनेटवर काय बघायचं होतं? काहीच नाही. त्यांच्या व्याह्यांनी घेतलं होतं, एवढंच. बैठकीच्या खोलीत तो कॉम्प्युटर मांडला, त्यावर विणलेला रुमाल घातला, आणि रुमालावर प्लास्टिकचं कव्हर, रुमाल मळू नये म्हणून. पाहुणे आले की दोन्ही काढायचे. मंग पाहुण्यांना ताजमहालाचा फोटो दाखवायचा. आमच्या लायनीवर तो फोटो वरून खाली असा उतरायचा की पहिल्या चहाला घुमट दिसायचा आणि दुसऱ्या चहाला दरवाजा. एक पाहुणे तर दरवाजा यायच्या आत उठून गेले आणि त्यांची अजून समजूत आहे की आम्ही त्यांना मशीद दाखवली.

पण दोष एकट्या लायनीचा नव्हता. दोष आमच्या खानदानाचा होता, आणि तो सांगायचा तर थोडं मागं जावं लागतं.

मी पहिलीत होतो तेव्हा आमच्या आजोबांनी टेलिफोनसाठी अर्ज केला. फोन आला तेव्हा मला मिशा फुटल्या होत्या आणि आजोबा फोटोत गेले होते. इतक्या तपानं आलेला नंबर, त्याला घरात देवाच्या खालोखाल मान. पुढं चार भावांच्या वाटण्या झाल्या. शेत वाटलं, बैल वाटले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लागल्या, लिंबाच्या झाडाची सावली दुपारपर्यंत कुणाची आणि दुपारनंतर कुणाची यावर दोन पंचायती बसल्या. फोन मात्र वाटता येईना. नवीन अर्ज केला तर आणखी एक पिढी मिशा फुटायची वाट बघणार. तेव्हा मोठेबाबांनी तोड काढली. नंबर एकच, मूळ तार त्यांच्या घरात, आणि तिथून तीन तारा भिंतींवरून, पत्र्यांवरून तिघा भावांच्या घरात. बाजारातून तीन जुने फोन आणले. चार चुली, एक नंबर. हे सगळं टेलिफोन खात्याच्या परवानगीशिवाय, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून आमच्या खानदानात गुपित नावाची चीज उरली नाही. घंटा वाजली की चारी घरांत वाजायची, चारी घरांत फोन उचलला जायचा. ज्याचा फोन त्यानं बोलायचं आणि बाकी तिघांनी ठेवून द्यायचा, असा नियम होता. ठेवायचं कुणी नाही. माझ्या लग्नाची बोलणी फोनवर चालली असताना होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, मुलगा तंबाखू खातो का? माझे वडील न्हाई म्हणाले आणि त्याच क्षणाला तिसऱ्या काकू हो म्हणाल्या. लग्न झालं ते केवळ लाइन तुटली म्हणून.

तर अशा लायनीवर ब्रॉडबँड बसवायला लाइनमन आला. भला माणूस. त्यानं विचारलं, "ह्या लायनीवर दुसरा फोन हाय का? असल तर सांगा. त्येच्यासाठी येगळी डबी बसवा लागती, न्हाईतर कुणी फोन उचलला की नेट पडन."

मोठेबाबा म्हणाले, "बिलकुल न्हाई."

हे ते अंगणात खाटेवर बसून म्हणाले. डोक्यावरून तिसऱ्या काकाची तार गेली होती आणि तिच्यावर काकूंनी धुतलेली गोधडी वाळत घातली होती. लाइनमननं वर पाहिलं. गोधडीतून पाणी त्याच्या चहात ठिबकलं. त्यानं चहा पिऊन टाकला, एकच डबी बसवली आणि गेला. खोटं कोण बोललं आणि ते गिळलं कुणी, याचा हिशोब आमच्याकडं कुणी ठेवत नाही.

झालं. त्या दिवसापासून चारांपैकी कुणीही फोन उचलला की मोडेमवरचा हिरवा दिवा मान टाकायचा.

ताजमहालापुरतं हे चालून गेलं. मंग वहिनीचा फॉर्म आला.

वहिनी म्हणजे मोठेबाबांची सून. तिचा नवरा जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमधी कामाला, आठवड्यातून एकदा घरी. वहिनी डी.एड. झालेली. लग्नात मोठेबाबांनी चारचौघांत सांगितलं होतं की सुनेला नोकरी करू देऊ, आणि नंतर सहा वर्षं तिला त्या वाक्याची आठवण काढू दिली नव्हती. त्या साली शिक्षकांची भरती निघाली. फॉर्म फक्त कॉम्प्युटरवर भरायचा. वयाच्या अटीत वहिनीचं ते शेवटचं वर्ष. हुकलं तर जन्माचं हुकलं.

भोकरदनला कॅफे होता, तासाभरात काम झालं असतं. पण मोठेबाबांच्या इज्जतीला ते परवडेना. घरात ब्रॉडबँड असून आमची सून कॅफेत पडद्याआड बसणार? लोक काय म्हणतील? घरीच भरू, सावकाशीनं भरू, म्हणत त्यांनी तिला शेवटच्या तारखेपर्यंत आणून ठेवलं. लाइट त्या दिवसांत पाळीनं यायची. शेवटच्या दिवशी आली तीन वाजता. फॉर्म बंद व्हायचा पाचला.

मला खास बोलावणं आलं होतं. मी जालन्याला बियाण्याच्या कंपनीत कारकून, कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट असलेला घराण्यातला एकमेव पुरुष. त्या सर्टिफिकेटाच्या जोरावर मला मशीन चालू करता यायचं आणि नीट विचार केल्यावर बंदही करता यायचं. बाकीचं सगळं वहिनीला माझ्यापेक्षा बरं यायचं. पण सुनेनं एकटीनं मशीनला हात लावायचा नाही, म्हणून मी शेजारी शोभेला. फॉर्म सुरू झालेला बघून मोठेबाबा गुरांकडं गेले.

फॉर्म सहा पानांचा. मधे नेट गेलं की पुन्हा पहिल्या पानापासून. वहिनी तिसऱ्या पानावर होती तेव्हा हिरवा दिवा गेला. तिसऱ्या काकू बहिणीला लोणच्याला मीठ किती ते विचारत होत्या. हा प्रश्न त्या बहिणीला दर वर्षी विचारतात आणि लोणचं दर वर्षी खारट होतं. पुन्हा पहिलं पान. चौथ्या पानावर दिवा गेला. ह्या वेळी माझे सख्खे वडील. त्यांना तासातासाला फोन उचलून तो चालू आहे का बघायची सवय. चालू असला की समाधानानं ठेवून देतात. तिसऱ्यांदा कोण होतं देव जाणे. बहुतेक गोधडी.

चार वाजून गेले. वहिनी आपलं नाव, गाव, जात, जन्मतारीख पुन्हा पुन्हा भरत होती.

मी म्हणालो, "वहिनी, थांबा. मी करतो बंदोबस्त."

"खरं सांगा भाऊजी त्यान्ला," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "फॉर्म भरायचाय, घंटाभर हात लावू नका म्हणा."

खरं सांगून आमच्या घरात आजवर एक काम झालेलं नाही. तिसऱ्या काकूंना सांगितलं असतं की वहिनीची नोकरी तुमच्या हातात आहे, तर त्यांनी दोन्ही हातांनी फोन उचलला असता. मी अंगणात गेलो आणि चारी घरांना ऐकू जाईल असं सांगितलं की खात्याची माणसं एक्सचेंजमधी येऊन बसलीत. चोरून लावलेले फोन धरून राह्यलेत. जो पाचच्या आत फोन उचलील, त्याचा आवाज तिथं टेप होणार, आणि सगळ्यांचा नंबर जाणार. वर असंही म्हणालो की वालसावंगीकडं कालच दोन घरं धरली, आणि एका म्हातारीला आवाजावरून ओळखलं. हे शेवटचं मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते दोनदा सांगितलं.

काम असं फत्ते झालं की सांगता सोय नाही. वडील फोनपासून चार हात लांब भिंतीला टेकून बसले. तिसऱ्या काकूंनी फोनवर उपडी परात ठेवली आणि परातीवर पाटा. मी मिशीवर हात फिरवत आत आलो, तर वहिनी मोकळ्या टेबलापुढं बसलेली.

मोडेम नाही. फोन नाही. भिंतीतून चार तारांची टोकं लोंबत होती.

माझी आरोळी गोठ्यापर्यंत गेली होती. मोठेबाबा मागच्या दारानं आले, म्हणे सुनेशी एक शब्द न बोलता त्यांनी सगळं उपटलं आणि ज्वारीच्या कोठीत पुरून टाकलं. वीस मिनिटं राहिली होती. कोठीच्या झाकणावर ते स्वतः बसले होते, धोतर सावरून, जणू आत मुडदा होता.

मी म्हणालो, "मोठेबाबा, उठा."

"नंबर जाईल," ते म्हणाले. "माझ्या बापाचा नंबर हाय."

खोटं मागं घ्यायची मला सवय नव्हती. तेव्हा वहिनी उठली. सहा वर्षांत ती सासऱ्यांशी दारामागूनच बोललेली. त्या दिवशी समोर जाऊन उभी राहिली.

"मामा, कुणी आलेलं न्हाई. भाऊजी खोटं बोलले." माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. "आन तुमी लाइनमनला खोटं बोलले, म्हून ही पाळी आली. आता उठा. पाच वाजता माझं वय संपतंय."

मोठेबाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. छत बघण्यासारखं नव्हतं.

ते उठले. वहिनीनं कोपरापर्यंत हात ज्वारीत घातला, फोन काढला, मोडेम काढला, फुंकर मारून दाणे उडवले. खांबावरून आलेल्या मूळ तारेचं टोक दातानं सोललं आणि तेवढीच एक तार जोडली. बाकी तीन तशाच लोंबत ठेवल्या. हिरवा दिवा लागला आणि लागूनच राहिला. आमच्या घरात ब्रॉडबँड किती वेगानं चालतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पानं अशी पालटत होती की मला वाचताही येईना, आणि माझ्याजवळ तर सर्टिफिकेट होतं.

इतक्यात बाहेर तिसऱ्या काकू. त्यांनी परात उचलून हळूच फोन कानाला लावला होता, टेप होतंय का ते ऐकायला. फोन मेलेला. मंग काय, आमचा फोन कुणी तोडला, आमचा हिस्सा कुणी खाल्ला, म्हणत त्या दारापर्यंत आल्या. मोठेबाबा उंबऱ्यात जाऊन बसले. आडवे.

"खातं तपासून राह्यलं," ते भावजयीला म्हणाले. "घरी बस जाय. तोंड उघडू नको, तुजा आवाज वळखतेत."

माझंच खोटं, माझ्यासमोर, माझ्यापेक्षा सफाईनं. काकू तोंडावर पदर दाबून गेल्या.

पाचला थोडं कमी असताना पडद्यावर फॉर्मचा नंबर आला. प्रिंटर नव्हता. वहिनीनं तो तळहातावर लिहिला आणि त्या संध्याकाळी भांडी घासायला नकार दिला.

आता तुम्हाला वाटेल, घराणं सुधारलं. छे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठेबाबांनी तिन्ही तारा परत जोडल्या, कारण भावांनी हिश्शाची भाषा काढली होती. लाइनमनला बोलावून खरं सांगावं आणि प्रत्येक फोनला एकेक डबी बसवून घ्यावी, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तर तोंडात आलं नाही. कॉम्प्युटरवर रुमाल गेला, रुमालावर कव्हर गेलं, ताजमहाल पुन्हा चहाच्या हिशोबानं उतरू लागला. पुढं वहिनीची निवड झाली तेव्हा मोठेबाबा गावभर सांगत फिरले की माझ्या ब्रॉडबँडनं सुनेला नोकरी लावली. ते पुढारी पुन्हा आले, पुन्हा चिवडा खाऊन गेले. मीही चार ठिकाणी सांगितलं की माझ्या सर्टिफिकेटानं लावली. लोकांनी दोघांवर सारखाच विश्वास ठेवला.

तिला शाळा मिळाली ती पार परतूर तालुक्यात, आष्टीजवळ. पोचल्यावर तिनं बूथवरून घरी फोन केला. चारी घरांत घंटा वाजली. चारी घरांत फोन उचलला. मी त्या दिवशी गावीच होतो. आमच्या घरचा फोन माझ्या कानाला होता, खोटं कशाला सांगू.

"आत्याबाई, एकट्याच हायेत का?" वहिनीनं सासूला विचारलं.

मोठीआई म्हणाल्या, हो, एकटीच हाय.

लायनीवर चार जणांचा श्वास चालला होता. तिसऱ्या काकूंचा तर शिट्टीसारखा. तो वहिनीलाही ऐकू गेला असणार.

"मंग सगळेच ऐका," ती म्हणाली, "म्हंजी पुन्हा सांगायचं काम न्हाई. मी रुजू झाले."

कुणी फोन ठेवला नाही.