बुंदीला आत घेणारं घर

वैशाखातल्या टळटळीत दुपारी गवताच्या छपराला एक गोडसर, भाजलेल्या लाह्यांसारखा वास सुटतो. आजही उन्हाळ्यात गवताने भरलेली गाडी शेजारून गेली, की माझ्या डोळ्यांपुढे तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्याच्या थोडं वर, उतारावर टेकून बसलेलं एक दोन खणांचं घर उभं राहतं. शेणाने सारवलेली त्याची ओसरी, दारापुढचं फणसाचं झाड, उन्हात निळसर विरघळत गेलेल्या डोंगरांच्या रांगा, आणि ओसरीच्या गार भुईला पोट टेकून, चारही पाय पसरून पडलेली आमची बुंदी.

बुंदी आमची म्हणायची, पण ती खरी माझ्या सासूबाईंची. पुण्यात मुठेच्या काठी कुणीतरी टाकून दिलेलं कुत्र्याचं पिल्लू त्यांनी पदरात गुंडाळून आणलं होतं. पांढऱ्याशुभ्र अंगावर पिवळे ठिपके पाहून त्या म्हणाल्या होत्या, ताटात बुंदी सांडल्यासारखी दिसते. तेच तिचं नाव झालं. मी लग्न होऊन त्या घरात आले, त्यानंतर दुसऱ्या वर्षी सासूबाई तापाने गेल्या. मामंजी हायस्कुलातून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी शोक केला नाही, निदान आम्हाला दिसेल असा केला नाही. फक्त हळूहळू बोलणं आटत गेलं. पानावर बसायचे, उठायचे, संध्याकाळी बुंदीला घेऊन नदीवर जायचे. दिवसाकाठी दोन-चार शब्द बोलले तर तेही बहुधा तिच्याशीच. मग त्यांना खोकला धरला, अन्न जाईना, आणि डॉक्टरांनी हवापालट सुचवला. माझ्या यजमानांना कचेरीतून रजा मिळण्यासारखी नव्हती. मामंजींबरोबर मी जावं असं ठरलं. सासऱ्यांपुढे मान वर करून बोलण्याची रीत नसलेले ते दिवस. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. ज्यांच्याशी मी कधी सरळ चार वाक्यं बोलले नव्हते, त्या गृहस्थांबरोबर महिनाभर परमुलखात राहायचं, या कल्पनेनेच माझा जीव दडपला होता.

जायचं कुठे हा प्रश्न मात्र बुंदीमुळे अवघड झाला. सासूबाईंचं माहेर समुद्रकाठी, श्रीवर्धनला. तिथे त्यांच्या भावाला विचारलं. त्यांनी अगत्याने बोलावलं, पण घरात बाळंतीण असल्यामुळे कुत्रं आणू नये अशी विनंती केली. मामंजींनी तो विषय तिथेच मिटवला. मग भोरला त्यांचे एक जुने विद्यार्थी वकिली करत, त्यांच्या नीरेच्या काठच्या बंगल्याचा अर्धा भाग रिकामा असल्याचं कळलं, आणि सर्व्हिस मोटारीच्या टपावर सामान आणि पायांशी बुंदी अशी आमची स्वारी भोरला पोहोचली.

बंगला खरोखर सुरेख होता. मागच्या पडवीतून नदीचा घाट दिसे, आणि वाऱ्याबरोबर ओल्या वाळूचा वास येई. वकिलांनी मामंजींना वाकून नमस्कार केला, आणि मग बुंदीकडे लक्ष जाताच ते घुटमळले.

"सर, हिला मागे गोठ्यात बांधू या. आईचं सोवळं फार कडक आहे. घरात कुत्रं शिरलेलं तिला चालायचं नाही."

"मग आम्हालाही गोठ्यातच जागा द्या," मामंजी म्हणाले.

वकील कसनुसे हसले. मामंजी हसले नाहीत. त्यांनी पगडी नीट केली आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, "रागावलो नाही हो. पण ती रडेल, आणि मला ते ऐकवणार नाही."

त्याच वेळी ओसरीच्या पायरीवर वेल्ह्याकडचे एक शेतकरी, कोंडिबा, वकिलांकडच्या कामासाठी येऊन बसले होते. पन्नाशीचे, काटक, खांद्यावर घोंगडी. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. जरा खाकरून ते म्हणाले, "मास्तर, आमच्याकडं येता का? लेक गेला म्हमईला गिरनीत, त्याचं वरलं घर मोकळंच हाय. हवा बगा कशी. आन् कुत्र्याचं म्हनाल तर आमच्या घरी तसलं काय न्हाई."

अशा रीतीने, दुसऱ्या दिवशी, नसरापूरवरून वळून कोंडिबांच्या बैलगाडीने आम्ही डोंगरांच्या पोटात शिरलो.

कोंडिबांची बायको चिमाबाई अंगणात उभी होती. उंच, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिने माझं, मामंजींचं हसून स्वागत केलं. पण गाडीतून बुंदीने उडी टाकली तेव्हा तिचा चेहरा एकदम विझल्यासारखा झाला. क्षणभर मला वाटलं, झालं, इथूनही आता परत फिरायचं.

"ऱ्हावा की," ती म्हणाली. "पर येक सांगते वैनी. हिला भायेर बांधायचं न्हाई. ऊन कललं की घरात घ्यायची, तुमच्यासंगं, आन् दार लावून घ्यायचं. हितं वाघरू येतं."

नंतर कोंडिबांकडून कळलं, की गेल्या थंडीत त्यांचा काळा कुत्रा बिबट्याने ओसरीवरून उचलून नेला होता. तो चिमाबाईच्या मागे मागे शेतावर जायचा, नदीवर जायचा. त्यानंतर तिने पुन्हा कुत्रं पाळायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. म्हणून ती बुंदीला हात लावत नसे. सकाळी भाकरीचा तुकडा लांबूनच टाकी आणि पाठ फिरवून निघून जाई. बुंदीला मात्र तिच्याच लुगड्याचा वास आवडला असावा. ती तुकडा सोडून चिमाबाईच्या मागे जायची, आणि चिमाबाई "हाड, हाड" म्हणत तिला आमच्याकडे परतवायची. त्या "हाड"मध्ये राग नव्हता, हे बुंदीला माझ्या आधी समजलं होतं.

ते दिवस किती हलके होते! पहाटे खालच्या खाचरांवर धुक्याची पातळ साय धरलेली असे. ऊन चढलं की ती सरकत सरकत ओढ्याच्या वळणात नाहीशी होई. करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर झाल्या होत्या. मी ओसरीच्या एका टोकाला तीन दगडांची चूल मांडून आमच्यापुरता आंबेमोहोर रांधी, आणि त्याच्या वासाने चिमाबाईच्या शेळ्यासुद्धा माना वर करत. आमचं अन्न आम्ही शिजवायचं, त्यांचं त्यांनी. पाणीसुद्धा मीच भरून आणायची. ती त्या काळची चौकट होती. चिमाबाई चुलीपासून अंतर राखून बसे आणि मला हजार गोष्टी विचारी. मामंजी बुंदीला घेऊन वरच्या खिंडीत जात. तिथून पश्चिमेला कोकणाच्या बाजूचे डोंगर एकामागून एक उतरत गेलेले दिसत. समुद्र काही दिसत नसे. पण तो त्याच दिशेला आहे एवढ्या भरवशावर ते तासन् तास बसत.

"मास्तर बोलत का न्हाईत वं?" चिमाबाईने एकदा विचारलं. मी तिला सासूबाईंबद्दल सांगितलं. म्हटलं, त्या समुद्राकाठच्या, दर उन्हाळ्यात माहेरी जायचं म्हणायच्या, आणि दर उन्हाळ्यात शाळेचं काही ना काही काम निघून ते राहून जायचं. चिमाबाई ऐकत राहिली. मग खिंडीकडे पाहत म्हणाली, "मंजी कुत्रं न्हाईच त्ये. मागं ऱ्हायलेलं मानूस हाय."

वणवा लागला तो आमचा मुक्काम संपत आलेला असताना.

दुपार कलत होती. पलीकडच्या माचीवरून धुराची एक पिवळट रेघ उठली, आणि पाहता पाहता वाऱ्याने ती आमच्या उतारावर आणून सोडली. वाळलेलं गवत पेटताना पावसासारखा आवाज करतं, हे मी त्या दिवशी ऐकलं. वाडीतली माणसं ओल्या फांद्या घेऊन धावली. कोंडिबा पुढे होते. मी ओसरीवरून वर पाहिलं तर खिंडीच्या वाटेवर मामंजी एकटेच होते. नंतर कळलं, बुंदी सशामागे झाडीत शिरली होती आणि धूर पाहून बिथरून कुठेतरी पळाली होती.

मामंजींनी खाली यायला हवं होतं. ते आले नाहीत. धुराच्या कडेकडेने ते उलट वर चालले होते आणि हाका मारत होते. आधी नुसतं "बुंदी, बुंदी" असं. दोन वर्षांत त्या माणसाचा आवाज दुसऱ्या खोलीत गेला नव्हता, तो आता सगळ्या दरीत घुमत होता. मग ती हाक बदलली.

"बुंदेऽ! ये गो बाये! भात कालवलाय गो तुजा!"

ही हाक सासूबाईंची होती. तो कोकणी हेल, तो "गो", सगळं त्यांचं. रोज संध्याकाळी मागच्या दारात उभ्या राहून त्या अशाच हाक मारायच्या. मामंजी तशीच हाक मारत होते, पुन्हा पुन्हा, खोकत, धुरात धडपडत. आणि ते कुणाला बोलावत होते हे त्यांना तरी कळत होतं की नाही, देव जाणे.

मी वर धावले, पण माझ्या पुढून चिमाबाई गेली. लुगड्याचा काचा मारून, तोंडाला ओला पदर बांधून ती त्यांच्यापर्यंत पोहोचली आणि तिने सरळ त्यांचा हात धरला. वाडीतल्या कुणी बाईने मास्तरांच्या अंगाला हात लावावा, ही गोष्ट एरवी तिच्या किंवा आमच्या मनातही आली नसती.

"चला खाली, मास्तर."

"ती वर आहे. एकटी आहे."

"मी आनते. माज्या गळ्याची आन. तुमी खाली चला आदी."

तिने त्यांना ओढतच माझ्या हवाली केलं आणि ती धुरात परत गेली. कोंडिबा तिच्या नावाने ओरडले, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मामंजी ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. मी त्यांना पाणी दिलं, त्यांनी ते नुसतं हातात धरून ठेवलं. आग वाडीच्या वरच्या बांधाशी अडवली गेली, माणसं काळी होऊन परतू लागली, डोंगर नुसता धुमसत राहिला. तरी ती दिसेना. एका कुत्रीसाठी एक संसारी बाई जाते की काय, असा विचार माझ्या मनात आला.

आणि मग ओढ्याच्या बाजूने ती आली. पायापासून केसांपर्यंत राख आणि चिखल. मेंढरू घ्यावं तशी तिने बुंदी खांद्यांवर आडवी घेतली होती. ओढ्यातल्या शेवटच्या डबक्यात, दोन धोंड्यांच्या मध्ये बुंदी गळ्यापर्यंत चिखलात बसून राहिली होती. पायांचे तळवे भाजले होते, बाकी काही नाही. चिमाबाईने तिला मामंजींच्या पुढ्यात उतरवलं, कमरेवर हात ठेवून दम खाल्ला आणि म्हणाली,

"मास्तर, हिला जरा भात कमी घाला. लई जड हाय."

मामंजी हसले. हसता हसता खाली बसले आणि बुंदीच्या मानेत तोंड खुपसून लहान मुलासारखे रडले. चिमाबाई तिथेच भुईवर बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा हात बुंदीच्या पाठीवरून फिरू लागला, फिरतच राहिला.

माझी चूल त्या संध्याकाळी पेटलीच नाही. चिमाबाईने नाचणीच्या भाकऱ्या आणि हुलग्याचं माडगं केलं, आणि मामंजींनी स्वतः उठून तिच्या चुलीपुढे जाऊन पितळी पुढे केली. ती बावरली. "मास्तर, आमच्या हातचं…" एवढंच म्हणाली. "वाढा," मामंजी म्हणाले. जेवता जेवता ते बोलू लागले. सासूबाई पहिल्यांदा पुण्यात आल्या तेव्हा विहिरीच्या पाण्याला चव नाही म्हणून रुसल्या होत्या, ही गोष्ट मी तेव्हा प्रथम ऐकली. कोंडिबा हसले, चिमाबाईने पदर डोळ्यांना लावला, आणि मामंजी बोलतच राहिले.

बुंदीच्या पायांमुळे आमचा मुक्काम लांबला. पुढे ते घर पुण्यातल्या आमच्या ओळखीच्यांत कुत्रेवाल्यांचं घर म्हणूनच प्रसिद्ध झालं. जिथे कुत्र्याला अंगणात बांधावं लागतं तिथे ज्यांचं मन रमत नाही, असे किती तरी लोक उन्हाळ्यात तिथे जाऊन राहिले. चिमाबाई म्हणे आधी कुत्र्याचं नाव विचारायची, मग माणसांची. मामंजी पुढल्या वर्षी बुंदीला घेऊन वरंध्याचा घाट उतरून समुद्रावरही गेले. मेव्हण्यांनी या खेपेला आपली नारळाच्या वाडीतली खोली उघडून दिली.

पण त्या साऱ्यापेक्षा मला आम्ही वेल्ह्याहून निघालो ती सकाळ आठवते. गाडी खाचरांच्या बांधावरून हेलकावत चालली होती. जळलेल्या उतारावर कोवळ्या हिरव्या रंगाची पुसट लव धरली होती. मामंजी कोंडिबांशी पिकांविषयी बोलत होते. मध्येच थांबले आणि माझ्याकडे वळले.

"सुधा हे नाव आम्ही ठेवलं तुझं, लग्नात. माहेरी काय म्हणतात ग तुला?"

मी गोंधळले. सासरी तोवर हे कुणी विचारलं नव्हतं. "गोदावरी," मी म्हटलं. "घरी गोदू म्हणतात."

"गोदू," ते म्हणाले. जोराने नाही, एखादा शब्द नीट बसतो का हे पाहावं तसं, हळूच. मग पुन्हा पिकांविषयी बोलू लागले.

मी तोंड वळवून डोंगराकडे पाहत राहिले. डोळे भरून आले होते, आणि का, ते मला सांगता आलं नसतं. इतके दिवस मी त्यांना सांभाळायला आले आहे असं समजत होते. माझंही काही माहेरच्या वाटेवर मागे राहिलं होतं, आणि त्याला कुणी हाक मारावी म्हणून मी वाट पाहत होते, हे तोवर माझं मलाच ठाऊक नव्हतं.