चामटोलीतलं पाहुण्यांचं घर

त्या वर्षी आम्ही पाचसात हौशी माणसं इंटरनेटवर आपल्या भागाचा नकाशा भरत होतो. चामटोलीतल्या एका घरात सुट्टीला मुंबईचे लोक भाड्याने राहायला यायचे. त्या घराला नकाशात काय म्हणायचं, यावर आमचं आठवडाभर भांडण चाललं. मी 'लॉज' म्हणत होतो, एक जण 'हॉटेल'वर अडून बसला होता. शेवटी मी अंबरनाथहून स्कूटर काढली आणि थेट तिथे गेलो.

ओटीवर एक मावशी भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. चिमटीत दाबला की दाणा टुणकन टोपात. मी विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी अर्धे वाल माझ्यापुढे सरकवले. माझा पहिलाच दाणा उडून त्यांच्या कोंबडीला लागला. मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या, मग मीही.

"मावशी, याला लॉज म्हणू की हॉटेल?"

"हाटेलात पावन्याला कोनी वाल सोलाया बसवतंय का?"

घरी येऊन मी 'पाहुण्यांचं घर' असं लिहिलं आणि खाली वालाची हकिगत सांगितली. 'हॉटेल'वर अडलेल्या गड्याचं लगेच उत्तर आलं, "मान्य. मी तिथे राहिलो तेव्हा मला लसूण सोलायला दिला होता."