मुळ्ये सरांचे पाद्रीबाबा

मुळ्ये सर वर्गात शिरताना आधी रुमाल नाकाला लावत, मग "बसा" म्हणत. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या शाळेत कोळ्यांची मुलं बरीच. त्यांना या मुख्याध्यापकांनी शेवटच्या बाकांवर, खिडकीपाशी बसवलं होतं. रुमालाला खसचं अत्तर असे. त्या वासाची मला आजही शिसारी येते.

हाच रुमाल ते डोळे टिपायलाही वापरत. एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज पाद्र्याचं चरित्र ते कित्येक वर्षं लिहीत होते. हा पाद्री पुढे मोठ्या विद्यापीठाचा प्रमुख झाला आणि गरिबांच्या मुलांना तिथे घ्यावं म्हणून आपल्याच लोकांशी भांडला. सर त्याला 'आमचे पाद्रीबाबा' म्हणत; त्याच्याबद्दल बोलताना त्यांचे डोळे भरून येत. शिपाई उशिरा आला तरी "पाद्रीबाबांनी काय केलं असतं?" हे ठरलेलं. मी शाळेत नवा मास्तर, अक्षर बरं, म्हणून त्यांचं लिखाण सुवाच्य उतरवून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी भारावलो होतो. असा देवमाणूस भेटला म्हणून रत्नागिरीला आईला पत्रही टाकलं होतं. देवमाणूस कसला!

अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, परीक्षेचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. हिरा फॉर्म घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारात आली. पहाटे आईबरोबर बोंबील वाळत घालून ही मुलगी शाळेत येई आणि गणितात पहिली असे. तिच्या घरात अकरावीपर्यंत दुसरं कोणी पोचलं नव्हतं. फॉर्मवर सरांची सही तेवढी बाकी होती. सर मला नवं प्रकरण सांगत होते. त्यांनी रुमाल काढला.

"आधी स्वच्छ अंघोळ करून ये. मग सही."

"केलेली हाय, सर."

"परत कर."

ती गेली. मी तेव्हा उतरवत होतो ते वाक्य मला पाठ आहे: ज्ञानमंदिराच्या दाराला कडी नसावी. ते मी पुरं केलं, खाली रेघही मारली. माझी नोकरी कायम व्हायची होती, म्हणून मी गप्प बसलो.

ओल्या केसांनी, आईला घेऊन ती परतली, तोवर सर फॉर्मांचा गठ्ठा घेऊन ठाण्याला गेले होते. तिची आई माझ्याकडे वळली.

"मास्तर, तुमी इथंच व्हतात ना? मंग तुमाला तोंड न्हाय का?"

पुढच्या वर्षी भरू, असं काहीतरी मी पुटपुटलो. पुढच्या वर्षी हिरा शाळेत आलीच नाही. सरांना विचारलं, तर म्हणाले, "पाद्रीबाबाही शिस्तीचे कडक होते." आणि ते मला पुढचं प्रकरण सांगायला लागले. मीही लिहून घेतलं.

आणीबाणीच्या वर्षात सर गेले. चरित्र छापलं गेलं नाही. शोकसभेत मला बोलायला लावलं, आणि मी बोललो. पाद्रीबाबांचं नाव घेताना माझा गळासुद्धा दाटून आला. सरांची किळस येते त्याहून मला त्या दाटलेल्या गळ्याची जास्त येते.

सभेहून परतताना बाजारात शिरलो. बोंबलांच्या पाटीपुढे हिरा बसली होती. तिने मला लगेच ओळखलं. बोंबील पानात बांधले, बाजूला ठेवले आणि तांब्यातलं पाणी घेऊन हात चोळचोळून धुतले, परत धुतले. मग पुडा पुढे केला.

"घ्या, मास्तर. दोनदा धुतले हायत."