सोनूचा मफलर, रावसाहेबांची भिंत

मंडळी, आज दुपारी आमच्या क्रिकेट क्लबात जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या हंगामात आम्ही गोऱ्या साहेबांच्या संघाला हरवलं. आम्ही म्हणजे खरं तर एकट्या सोनूने. हा बंदरावर आगबोटीचा माल उतरवतो आणि गोलंदाजी अशी करतो की दांड्या कधी उडाल्या ते कळत नाही. सामना संपल्यावर साहेबाने आपल्या संघाचा भरतकाम केलेला रेशमी मफलर सोनूच्या गळ्यात घातला. दुसऱ्याच दिवशी आमचे अध्यक्ष रावसाहेब तो "जपून ठेवायला" घेऊन गेले.

आज तोच मफलर सागवानी चौकटीत, काचेमागे, क्लबाच्या भिंतीवर लागला. खाली पितळी पट्टी आणि तिच्यावर नाव रावसाहेबांचं! या गृहस्थाने बॅट हातात धरली असेल, तर ती फक्त फोटोपुरती.

सोनू धुतलेला सदरा घालून आला होता. त्याला पडवीतच थांबवलं.

मी विचारलं, "रावसाहेब, मफलर याचा ना?"

"अहो मास्तर, याच्या खोपटात कसर लागली असती. इथे शोभतो."

सोनूने खिडकीतून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मास्तर, उलटा लावलानी हो."

खरंच, भरतकामाच्या मागच्या गाठी दिसत होत्या. एवढ्या शहाण्यांत एकालाही ते कळलं नव्हतं.

सोनू निघून गेला. रावसाहेबांनी भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या, आणि मीही वाजवल्या.

क्लबातल्या त्या लोकांचा तिटकारा आहेच, पण आता माझाही वाटतो. तुम्ही असतात, तर उठून गेला असतात का?